धाक, भाकरी आणि वेळ : पाळीव कुत्र्याच्या शिकवणीविषयीचे गैरसमज

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत कुत्रा पाळण्याची परंपरा जुनी आहे आणि तिचे रूप एकच नाही. दत्ताच्या प्रतिमेत चार कुत्रे असतात आणि माहूर हे त्या दत्ताचे मोठे ठाणे आहे. खंडोबाच्या परिवारातही कुत्र्याला स्थान आहे, आणि लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात खंडोबाची जी यात्रा भरते, तिच्यात घोडे, गाढवे व गुरे यांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही होते. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवान कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. उंच, सडपातळ, खोल छातीचा, लांबट तोंडाचा व आखूड केसांचा हा कुत्रा आणि कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असलेला त्याचा भाऊबंद पश्मी हे दोघेही मराठवाड्याच्या माळरानावर घडलेले प्राणी आहेत. शेतातील आखाड्यावर राखणीला असतो तो बहुधा गावठी कुत्रा, आणि गेल्या काही दशकांत दोन्ही शहरांच्या नव्या वसाहतींतून लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड व पॉमेरेनियन यांची भर पडली आहे. कुत्र्यांमध्ये एवढी विविधता असली, तरी त्यांना शिकवण्याविषयीच्या समजुती मात्र आखाड्यावर आणि बंगल्यात जवळजवळ सारख्याच आढळतात, आणि त्यांपैकी बऱ्याच समजुती गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या संशोधनापुढे टिकलेल्या नाहीत. ज्याला कुत्र्याचा दोष म्हटले जाते तो बहुतेक वेळा शिकवणीच्या वेळेचा आणि रीतीचा दोष असतो, हे या प्रकरणात त्या समजुती एकेक करून तपासताना दिसून येईल.

या समजुतींपैकी सर्वांत खोलवर रुजलेली समजूत धाकाची आहे. कुत्रा हा मुळात लांडग्याच्या वंशातला, लांडग्यांच्या टोळीत एक दांडगा नर इतरांना दाबून नायक होतो, त्यामुळे घरातील माणसाने आपणच नायक असल्याचे वेळोवेळी दाखवून दिले नाही तर कुत्रा डोक्यावर बसतो, असा हा युक्तिवाद असतो. त्यातूनच कुत्र्याला जमिनीवर उताणे दाबून धरावे, त्याच्या आधी आपण जेवावे, दारातून त्याला कधीही पुढे जाऊ देऊ नये, असे सल्ले दिले जातात. या कल्पनेचे मूळ रूडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत आहे. ती निरीक्षणे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडून ठेवलेल्या लांडग्यांची होती, आणि अशा कोंडलेल्या जनावरांत जागेवरून व अन्नावरून झुंजी होणे स्वाभाविक होते. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथातून ही कल्पना लोकप्रिय केली. पण पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सान्निध्यात अनेक उन्हाळे काढल्यावर त्यांनीच १९९९ मध्ये ती मागे घेतली. निसर्गातील लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब असते, त्यात नर-मादीची जोडी आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्ले असतात, आणि पिल्ले आईबापांच्या मागे जातात ती झुंजीत हरल्यामुळे नव्हे, तर ते आईबाप असल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या संशोधकाच्या नावावर ही समजूत जगभर पसरली त्यानेच ती खोडून काढावी आणि तरीही ती समजूत तशीच चालू राहावी, ही खेदाची गोष्ट आहे.

शिवाय लांडग्यांविषयीचे निरीक्षण अगदी खरे असते, तरी ते कुत्र्याला जसेच्या तसे लागू पडले नसते, कारण कुत्रा हजारो वर्षांपासून माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर व सोबतीवर जगत आला आहे आणि मोकळे राहणारे गावठी कुत्रेही लांडग्यांसारखी बंदिस्त कुटुंबे करून राहत नाहीत. दारातून पुढे धावणाऱ्या कुत्र्याला घराची सत्ता बळकावायची नसते. बाहेर वास, आवाज व हालचाल यांचे आकर्षण असते आणि दार उघडताच पळाल्याने ते मिळते, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. जी कृती केल्यावर हवेसे काही मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा नियम एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये पिंजऱ्यातील मांजरांवरील प्रयोगांतून मांडला होता. पुढे बी. एफ. स्किनर यांनी त्याचा विस्तार केला, आणि आज मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत तो साधक अभिसंधान या नावाने शिकवला जातो. कृतीनंतर मिळणाऱ्या ज्या फळामुळे ती कृती बळावते त्याला प्रबलन म्हणतात. याच्या जोडीला अभिजात अभिसंधान येते, ज्याचा शोध इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शरीरशास्त्रज्ञाला कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना लागला. पाव्हलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेवरील कामासाठी. परंतु अन्नाच्या आधी ठरावीक संकेत वारंवार दिला की पुढे केवळ त्या संकेतानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांचे निरीक्षण अधिक प्रसिद्ध झाले. कुत्रा एकाच वेळी या दोन्ही रीतींनी शिकत असतो. ‘बस’ या शब्दावर बसल्याने भाकरीचा तुकडा मिळतो हे जेव्हा त्याला उमगते, तेव्हाच तो शब्द उच्चारणाऱ्या माणसाविषयी त्याच्या मनात गोडी किंवा धास्ती साठत जाते, आणि ही दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते.

मारण्याचा प्रश्न इथेच उभा राहतो. शिक्षेने काहीच साधत नाही असे म्हणणे खरे नाही. पुरेशी वेदना दिली तर त्या क्षणी कृती थांबते, आणि ती थांबलेली दिसते म्हणूनच मारणाऱ्याची खात्री पटते. परंतु मार खाताना कुत्रा समोर जे असेल त्याच्याशी ती वेदना जोडतो. ते मारणाऱ्याचा हात असू शकतो, शेजारी उभे असलेले लहान मूल असू शकते, किंवा रस्त्याने जाणारी मोटारसायकल असू शकते. पोर्तुगालमध्ये झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत लक्षणीय आहे. निरनिराळ्या प्रशिक्षण वर्गांतील ९२ पाळीव कुत्र्यांच्या या पाहणीत, ओरडणे, झटके देणे व वेदना देणे यांवर भर असलेल्या वर्गांतील कुत्रे शिकवणीच्या वेळी अधिक तणावात दिसले आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाचे प्रमाणही शिकवणीनंतर अधिक वाढलेले आढळले. त्याआधी ब्रिटनमध्ये २००४ साली ३६४ मालकांच्या उत्तरांवरून झालेल्या पाहणीत असे दिसले होते की, जे मालक प्रामुख्याने बक्षीस देऊन शिकवत त्यांचे कुत्रे अधिक आज्ञाधारक होते आणि जे शिक्षेवर भर देत त्यांच्या कुत्र्यांत वागणुकीच्या तक्रारी जास्त होत्या. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत, कारण आधीच त्रासदायक असलेल्या कुत्र्यालाही जास्त मार बसत असणार. तरीही मारामुळे आज्ञाधारकपणा वाढल्याचा पुरावा तिच्यात मिळाला नाही, हे महत्त्वाचे आहे. विजेचा हलका धक्का देणारे गळपट्टे आता इंटरनेटवरून सहज मागवता येतात. वेल्समध्ये त्यांच्या वापरावर २०१० पासूनच बंदी आहे.

शिक्षेची सर्वांत निरर्थक तऱ्हा म्हणजे उशिरा केलेली शिक्षा. कामावरून किंवा शेतातून परत आल्यावर घरात लघवी झालेली दिसते, चप्पल कुरतडलेली दिसते, मालक कुत्र्याला ओढत तिथे नेतो, त्याचे नाक त्या जागी घासतो आणि कुत्रा कान पाडून, मान वळवून, शेपूट पोटाशी घेऊन बसतो. त्याला चूक कळली आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसते, असे जवळजवळ प्रत्येक मालक सांगतो. अलेक्झांड्रा होरोवित्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ मध्ये नेमकी हीच गोष्ट १४ पाळीव कुत्र्यांवर तपासली. मालकाने खाऊ खाण्यास मनाई करून खोलीबाहेर जायचे, नंतर काही कुत्र्यांना तो खाऊ खाऊ द्यायचा व काहींना नाही, आणि परत आलेल्या मालकाला कधी खरे तर कधी खोटे सांगायचे, अशी या प्रयोगाची रचना होती. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. एवढेच नव्हे, तर ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरीही बोलणी खाल्ली, त्या कुत्र्यांत तो अधिक ठळक दिसला. म्हणजे ज्याला पश्चात्ताप समजले जाते ती समोरच्याचा राग शमवण्यासाठीची देहबोली असते. कुत्र्याच्या मनात कृती आणि तिचे फळ यांची गाठ बांधली जाण्यासाठी दोहोंमधील अंतर एखाद-दुसऱ्या सेकंदाचे असावे लागते. तासाभरापूर्वीच्या लघवीचा आणि आत्ताच्या माराचा संबंध त्याला लावता येत नाही. त्याने लावलेला संबंध बहुधा असा असतो, की मालक घरी आला आणि फरशी ओली असली की संकट येते, आणि मग तो मालकासमोर लघवी करणेच टाळतो, अगदी मालक त्यासाठी त्याला बाहेर फिरायला नेतो तेव्हासुद्धा. घर स्वच्छ ठेवण्याचा खरा उपाय साधा पण चिकाटीचा आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लाला लगेच ठरलेल्या जागी न्यावे, तिथे त्याने विधी उरकताच, त्याच जागेवर, लगेच शाबासकी व तुकडा द्यावा, आणि घरात झालेली चूक मुकाट्याने अशी पुसावी की तिचा वास उरणार नाही.

हाच वेळेचा नियम न कळल्यामुळे हाकेला ओ देणारा कुत्राही बिघडतो. ‘यू यू’ अशी हाक ऐकून पिल्लू आनंदाने धावत येते ते पहिल्या काही आठवड्यांत. नंतर त्याच हाकेने बोलावून त्याला साखळीला अडकवले जाते, अंघोळ घातली जाते किंवा उशिरा आल्याबद्दल दोन फटके दिले जातात, आणि हाकेचा अर्थ बदलतो. आल्यावर मार बसतो हे शिकलेला कुत्रा न येण्यात शहाणपण दाखवत असतो. परत आलेल्या कुत्र्याला, तो कितीही उशिरा आला तरी, चांगलेच काही मिळाले पाहिजे, आणि खेळातून दहा वेळा बोलावून नऊ वेळा पुन्हा मोकळे सोडले पाहिजे.

खाऊ देऊन शिकवलेला कुत्रा लाचार होतो आणि हातात काही नसेल तेव्हा ऐकत नाही, हा आक्षेप पूर्णपणे बिनबुडाचा नाही. तो खाऊ चुकीच्या क्षणी वापरल्यामुळे निर्माण होतो. तुकडा आधी दाखवून मग आज्ञा दिली की कुत्रा तुकड्याच्या मागे जातो, आज्ञेच्या नव्हे. पहिल्या काही खेपांत दिशा दाखवण्यापुरता तो हातात चालतो. पुढे आज्ञा रिकाम्या हाताने द्यायची, कृती पूर्ण झाल्यावर खिशातून तुकडा काढायचा, आणि कृती पक्की झाली की प्रत्येक वेळी न देता मधूनच, कुत्र्याला अंदाज येणार नाही अशा रीतीने द्यायचा, म्हणजे ती कृती अधिक टिकाऊ होते. त्यासाठी महागडी पाकिटे लागत नाहीत. उकडलेल्या अंड्याचे वा कोंबडीचे नखाएवढे तुकडे, किंवा भुकेच्या वेळी ज्वारीच्या भाकरीचा दुधात बुडवलेला कण पुरतो, आणि तो त्याच्या रोजच्या आहारातून वजा करावा. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हे कुत्र्याला विषारी ठरतात, म्हणून घरातील उरलेली भाजी बक्षीस म्हणून देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील तापमान चाळिशी ओलांडते आणि कुत्र्याला अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर घालवता येते, त्यामुळे त्या दिवसांत शिकवणी पहाटेच्या गारव्यातच ठेवावी आणि ती काही मिनिटांपेक्षा लांबवू नये.

शिकवणी केव्हा सुरू करावी याविषयी सर्वांत नुकसानकारक गैरसमज प्रचलित आहे. पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला खेळू द्यावे, नंतर शिस्त लावावी, असे सांगितले जाते. हा नियम गळ्याला झटके देऊन शिकवण्याच्या जुन्या पोलिसी व लष्करी पद्धतीबरोबर चांगला बसतो, कारण कोवळ्या पिल्लाला ते झटके सोसवत नाहीत. जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये लिहिलेल्या प्रशिक्षण पुस्तिकेचा अशा पद्धतीवर दीर्घकाळ प्रभाव राहिला. परंतु कुत्र्याच्या आयुष्यातील सर्वांत मौल्यवान काळ सहा महिन्यांच्या बराच आधी संपतो. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अनेक वर्षे केलेल्या आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे निष्पन्न झाले, की वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहते, ऐकते व हुंगते ते त्याला आयुष्यभर ओळखीचे व निर्धोक वाटते. या अवधीला सामाजीकरणाचा काळ म्हणतात. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच केंद्रातील एका प्रयोगात काही पिल्लांना कुंपणाच्या मोकळ्या जागेत माणसाच्या सहवासाविना वाढवले होते, आणि ज्यांची माणसाशी पहिली गाठ चौदाव्या आठवड्यात पडली ती नंतर कितीही माया लावली तरी माणसाला बुजतच राहिली. लांबच्या आखाड्यावर जन्मलेल्या आणि फक्त एका सालगड्याचा चेहरा पाहिलेल्या पिल्लाला पाचव्या महिन्यात शहरातील घरी आणल्यावर ते पाहुण्यांवर तुटून पडते किंवा पलंगाखाली दडून बसते, तेव्हा त्याच्या रक्ताला वा जातीला दोष दिला जातो. खरे तर तो हुकलेल्या आठवड्यांचा परिणाम असण्याची शक्यता अधिक असते.

इथे एक रास्त अडचण आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या लशींचे डोस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होतात, आणि तोवर पिल्लाला बाहेर काढू नये असे बजावले जाते. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये या दोन्ही धोक्यांचा तोल साधणारी भूमिका जाहीर केली, तिच्यानुसार पहिल्या डोसनंतर किमान एक आठवडा गेल्यावर सुरक्षित जागी सामाजीकरण सुरू करता येते. मराठवाड्यातील गल्ल्यांत लस न टोचलेली कुत्री फिरत असतात, तेव्हा पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. गुरुद्वाराजवळची गर्दी, बसस्थानकाचा गलका, ट्रॅक्टरचा आवाज, फेटेवाले आजोबा, काठी घेऊन चालणारी बाई, बुरखा घातलेल्या स्त्रिया, शाळेतून सुटलेली मुले, हे सारे कडेवरून पाहता येते. शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्या त्या भागातील रोगाची स्थिती विचारून घ्यावी. म्हातारा कुत्रा शिकत नाही, या उलट टोकाच्या समजुतीला फार जागा देण्याचे कारण नाही. त्याला वेळ अधिक लागतो, पण तो शिकतो, आणि दहा वर्षांच्या कुत्र्यालाही नवी सवय लावता येते.

या भागापुरता सर्वांत महत्त्वाचा गैरसमज इथल्याच कुत्र्यांविषयी आहे. कारवान व पश्मी हे आडमुठे असतात, पळण्यापलीकडे त्यांना काही येत नाही, आणि गावठी कुत्रा तर शिकण्याच्या लायकीचाच नसतो, त्यामुळे शिकवायचेच असेल तर विदेशी पिल्लू आणावे, असे सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. या समजुतीला पुस्तकी आधारही सापडतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये कुत्र्यांच्या बुद्धीची जी क्रमवारी प्रसिद्ध केली, तिच्यात पहिला क्रमांक बॉर्डर कॉलीचा आणि अगदी शेवटचा, पश्मीशी रूपाने बरेच साम्य असलेल्या अफगाण हाउंडचा होता. पण ही क्रमवारी आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या जवळपास दोनशे परीक्षकांच्या मतांवर आधारलेली होती, म्हणजे तिच्यात मोजली गेली ती माणसाच्या शब्दावर झटपट काम करण्याची तयारी. मेंढ्या वळवणारा कुत्रा दर क्षणी धन्याच्या शिटीकडे कान ठेवून काम करतो, तर कारवान हा नजरेच्या बळावर लांबचे सावज हेरून भरधाव पाठलाग करणारा कुत्रा आहे. अशा पाठलागात धनी मैलभर मागे राहतो आणि वळण केव्हा घ्यायचे, कुठे आडवे जायचे हे त्याला एकट्यालाच ठरवावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गुणासाठी त्याची निवड झाली, त्याच गुणाला शहरात आणल्यावर आडमुठेपणा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कारवानाचा जवळचा भाऊबंद मुधोळ हाउंड हा कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्याच्या मुधोळ या जुन्या घोरपडे संस्थानाशी जोडलेला आहे आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. या कुत्र्यांना सुरक्षा दलांनी प्रशिक्षण देऊन कामावर घेतले आहे, आणि २०२४ मध्ये लखनौला झालेल्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ या मुधोळ मादीने शंभरावर विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकले. ज्या कुळाला शिकवणी मानवत नाही असे समजले जाते, त्याच कुळातील मादीने हे करून दाखवले आहे. मात्र कारवान पाळणाऱ्याने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ससा उठून पळू लागल्यावर मारलेली हाक त्याला ऐकू येऊनही न आल्यासारखी असते, म्हणून हाकेची शिकवण ससा दिसण्याच्या कितीतरी आधी, लांब दोरी लावून, रिकाम्या माळावर द्यावी लागते आणि ती पक्की होईपर्यंत दोरी सोडता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे शिकवण्याच्या नावाखाली सशामागे कुत्रा सोडणे कायद्यातही बसत नाही.

गावठी कुत्र्याविषयीचे उत्तर भारतातच शोधले गेले आहे. कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरील मोकळ्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. कोणीही कधी न शिकवलेल्या या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून अनोळखी माणसाने एकाकडे बोट दाखवले, तेव्हा जे कुत्रे धीर करून जवळ आले त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के कुत्रे बोटाच्या दिशेने गेले, असे या गटाने २०२० मध्ये नोंदवले. त्याआधी २०१७ मध्ये याच गटाला असे आढळले होते, की वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्यास रस्त्यावरील कुत्री खाण्यापेक्षा थोपटण्याने अधिक प्रवृत्त होतात. माणसाकडे पाहून शिकण्याची तयारी गावठी कुत्र्यात जन्मजात आहे. त्याला हाडहाड करण्यापलीकडे शिकवण्याचा प्रयत्न क्वचितच झाला आहे. अमेरिकेत १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वागणुकीतील फरकांपैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास फरकाचे स्पष्टीकरण त्याच्या जातीवरून देता आले. आज्ञा मानण्याच्या वृत्तीवर जातीचा प्रभाव इतर गुणांपेक्षा जास्त दिसला हे खरे. पण जातीवरून कुत्र्याचा स्वभाव छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी, हे या आकड्यावरून ठरवता येते.

राखणीचा कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला भाकरीतून मिरची खाऊ घालणे, कच्च्या मांसाची चटक लावणे, आणि दिवसभर आखूड साखळीला बांधून रात्री मोकळे सोडणे, या रीती अजूनही आढळतात. मिरचीने कुत्र्याचे तोंड व आतडे पोळतात, त्याला जुलाब होतात. त्याची राखण सुधारत नाही. कच्च्या मांसाने कुत्रा रक्तपिपासू होतो यालाही आधार नाही, जंतूंचा धोका मात्र खरा आहे. बांधून ठेवलेला कुत्रा भीती वाटली तरी दूर जाऊ शकत नाही, म्हणून त्याला चावणे हा एकच मार्ग उरतो, आणि त्याच्या जवळ जाणारी मुले त्याला सर्वांत आधी बळी पडतात. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी काळ बांधणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे फार थोड्या मालकांना माहीत असते. चांगला राखणदार अनोळखी माणूस दिसताच भुंकून सूचना देतो आणि मालकाने ‘पुरे’ म्हणताच थांबतो. त्यासाठी घरच्या व नेहमी येणाऱ्या माणसांशी त्याचा लहानपणी भरपूर परिचय झालेला असावा लागतो, कारण ओळखीचे कोण हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्यालाच परका ओळखता येतो.

भुंकणारा कुत्रा चावत नाही, या म्हणीवर विसंबून कितीतरी जणांना दवाखान्यात जावे लागले आहे. भुंकणे आणि विशेषतः घशातले गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना असते, आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारले तर त्याची भीती तशीच राहून फक्त सूचना नाहीशी होते. न गुरगुरता एकदम चावणारे कित्येक कुत्रे अशाच शिकवणीतून तयार झालेले असतात. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खुशीत आहे, हेही अपुरे निदान आहे. इटलीतील बारी येथे २००७ मध्ये ३० कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे अधिक झुकून हलली, तर अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे अधिक झुकली. घरात एवढे बारकावे पाहण्याची गरज नसली, तरी ताठ व उंच धरलेली, आखूड फेऱ्यांत हलणारी शेपूट आणि रोखलेली नजर एकत्र दिसली की हात मागे घ्यावा, एवढे मुलांना शिकवता येते. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. जखमेत हळद-चुना भरून वेळ दवडू नये.

कुत्र्याला इंग्रजीच कळते, ही समजूत मात्र निरुपद्रवी वाटली तरी तिच्यामुळे घरोघर गोंधळ होतो. बुडापेस्टमध्ये १८ कुत्र्यांच्या मेंदूंचे चित्रण करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, कुत्र्यांचे मेंदू घरात ऐकलेली भाषा आणि अनोळखी भाषा यांत फरक करतात. कोणत्याही एका भाषेला त्यांच्याकडे विशेष मान नाही. नांदेड-लातूरच्या घराघरांत मराठी, दखनी, लमाणी, पंजाबी, तेलुगू वा कन्नड बोलली जाते आणि त्यांपैकी कोणत्याही भाषेत कुत्रा शिकू शकतो. अडचण येते ती वडील ‘सिट’ म्हणतात, आजी ‘बस खाली’ म्हणते आणि मुले ‘ए बस ना रे’ म्हणतात तेव्हा, कारण कुत्र्याच्या कानाला हे तीन वेगळे आवाज असतात. प्रत्येक कृतीसाठी एकच आखूड शब्द ठरवून तो सर्वांनी त्याच सुरात वापरला, तर निम्मी शिकवण तिथेच पार पडते.

याच कारणामुळे कुत्रा महिनाभर प्रशिक्षकाकडे ठेवला की शिकून परत येतो, ही अपेक्षा सहसा फसते. कुत्रा कोणतीही कृती ज्या जागेत, ज्या माणसासमोर आणि ज्या वासा-आवाजांत शिकला त्यांच्यासकट लक्षात ठेवतो. ती दुसऱ्या जागी लागू करण्याला सामान्यीकरण म्हणतात आणि कुत्र्यात ते आपोआप होत नाही, त्यामुळे अंगणात बसणारा कुत्रा गल्लीत बसेनासा होतो आणि प्रत्येक नव्या जागी तीच कृती पुन्हा, थोडक्यात, शिकवावी लागते. पोलीस दलांत हे तत्त्व जुने आहे. तिथे कुत्र्याबरोबर त्याचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळून काम करून घेणारा शिपाई, स्वतःही प्रशिक्षण घेतो आणि पुढे ती जोडीच एकत्र काम करते. घरगुती कुत्र्यासाठी प्रशिक्षक नेमायचा असेल, तर तो घरी येऊन कुत्र्याइतकेच घरच्यांना शिकवणारा असावा. नेमण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा, की कुत्र्याने चूक केल्यावर तुम्ही नेमके काय करता. उत्तरात फासाची साखळी, काठी किंवा उताणे दाबून धरणे आले, तर पिल्लू त्याच्या हाती देऊ नये. आणि तो काय चुकले याऐवजी त्या जागी कुत्र्याने काय करायला हवे होते आणि ते केल्यावर त्याला काय मिळाले असते हे समजावून सांगू लागला, तर पहिल्या दिवशी घरातील सर्वांनी, आजीसकट, त्याच्यासमोर हजर राहावे.